पडद्यावरचे शास्त्रज्ञ आणि पडद्याबाहेर राहिलेले त्यांचे काम

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या जूनपासून दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही थोर शास्त्रज्ञांच्या आणि गणितज्ञांच्या आयुष्यावरील चित्रपट दाखवत आहोत. आठवी ते दहावीची पंचवीस-तीस मुले, त्यांना सोडायला येऊन मग दाराशीच बसून राहणारे काही पालक आणि रोज वर्तमानपत्र वाचायला येणारी चार-पाच वयस्क मंडळी, असा आमचा प्रेक्षकवर्ग आहे. मी एकतीस वर्षे मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवले. निवृत्तीनंतर हा उपक्रम हाती घेतला, तेव्हा कोणता चित्रपट मुलांना दाखवावा, कोणता मोठ्यांनीच पाहावा आणि कोणत्या प्रसंगी थांबून समजावून सांगावे, याची माहिती मला मराठीत कुठेच एकत्र सापडली नाही. ज्या शिक्षकांना किंवा पालकांना असे काही करायचे असेल, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

आम्ही सर्वांत आधी दाखवला तो स्टीफन हॉकिंग यांच्यावरील चित्रपट. तो संपल्यावर दिवे लावले आणि मी मुलांना विचारले, "या माणसाने केले काय?" थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागून एकाने उत्तर दिले, "लई हुशार होता, बाई." दुसरा म्हणाला, "आणि आजारी होता." दोन तासांचा, उत्तम अभिनयाचा, डोळ्यांत पाणी आणणारा चित्रपट पाहून मुलांच्या पदरात एवढेच पडले होते, आणि त्यात मुलांची काही चूक नव्हती. त्या दिवसापासून माझी कसोटी ठरली. बुद्धिमत्ता पडद्यावर दाखवणे सोपे असते. काचेवर सूत्रे लिहिणारा हात, शून्यात लागलेली नजर आणि मागे चढत जाणारे संगीत एवढ्यावर ते भागते. त्या माणसाने जे काम केले ते काम दाखवणे अवघड असते. जो चित्रपट कामाजवळ थांबतो तो चांगला, आणि जो हुशारीचे कौतुक करून पुढे सरकतो तो कितीही सुंदर असला तरी आमच्या उपयोगाचा कमी, या मोजमापाने मी पुढचे सगळे चित्रपट पाहिले.

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी साधनांविषयी थोडे सांगायला हवे, कारण पहिले दोन शनिवार आमचे त्यातच गेले. वर्गणी काढून साडेनऊ हजार रुपयांचा एक लहान प्रोजेक्टर घेतला. खोक्यावर उजेडाचा आकडा मोठा छापलेला होता. पण या आकड्यांत 'एएनएसआय ल्युमेन' नावाचे प्रमाणित माप कोणते आणि नुसते फुगवलेले कोणते हे पाहून घ्यावे लागते, ही गोष्ट आम्हाला घरी आल्यावर कळली. परिणामी दिवस मावळून पुरता अंधार झाल्याशिवाय आमच्या पडद्यावर चेहरे ओळखू येत नाहीत. पडदा म्हणजे वाचनालयाच्या एका जुन्या सभासदांनी दिलेले पांढरे शुभ्र धोतर आहे. ते वरच्या कडेला वेळूच्या काठीत ओवून आणि खालच्या कडेला दोन विटा बांधून ताणले की एकही सुरकुती राहत नाही.

चित्रपट पाहण्यासाठी जी मासिक सेवा आम्ही घेतली, तिची स्वस्तातली योजना केवळ मोबाइलपुरती होती. फोन प्रोजेक्टरला जोडताच आवाज येई आणि चित्र काळे होई. ग्राहक कक्षाशी दोन दिवस बोलल्यावर उलगडा झाला, की त्या योजनेत मोठ्या पडद्यावर दाखवण्याची मुभाच नाही. शिवाय चित्रपटांची चोरी होऊ नये म्हणून जे डिजिटल कुलूप घातलेले असते, ते कित्येक स्वस्त प्रोजेक्टरांना उघडता येत नाही. हे पैसे भरण्यापूर्वी ठळक अक्षरांत सांगायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटी महागाची योजना आणि टीव्हीला लावायची छोटी कांडी घेऊन काम भागले. खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना हेही सांगते, की पत्र्याच्या छपराखाली जुलैत प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर काहीही ऐकू देत नाही. भजनी मंडळाचा ध्वनिवर्धक मागून आणावा लागला, आणि वीज गेली तरी खंड पडू नये म्हणून बॅटरीची सोयही करावी लागली.

सर्वांत मोठी अडचण मात्र भाषेची आहे. आम्ही दाखवलेल्या परदेशी चित्रपटांपैकी एकालाही मराठी उपशीर्षके नव्हती. काहींना हिंदी आवाज होता, बाकीच्यांना फक्त इंग्रजी अक्षरे. आमची मुले गणित आणि विज्ञान मराठीतून शिकतात, कन्नड शाळेत शिकतात आणि बाजारातही बोलतात, हिंदी टीव्हीवरून उचलतात, आणि इंग्रजी वाचतात ती एकेक शब्द जोडून. पडद्यावरची ओळ दोन सेकंदांत पुसली जाते. तेव्हा मी एक पद्धत बसवली. चित्रपट आधी घरी एकटीने पाहायचा, चार-पाच थांबे निवडायचे, आणि त्या थांब्यांवर चित्र गोठवून मराठीतून पाच मिनिटे बोलायचे. ज्यांना चित्रपट अखंड पाहण्याची सवय आहे त्यांना हे रसभंग करणारे वाटेल. आमच्याकडे तसे झाले नाही. थांबा आला की मुले सरसावून पुढे बसतात.

रामानुजन यांच्यावरील 'द मॅन हू न्यू इन्फिनिटी' हा २०१५ सालचा चित्रपट आमच्या मोजमापाला सर्वांत चांगला उतरला. देव पटेल यांनी रामानुजन आणि जेरेमी आयर्न्स यांनी हार्डी उभे केले आहेत. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी करणारा एक तरुण १९१३ साली केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डींना पत्र लिहितो, १९१४ साली बोटीने तिकडे जातो, १९१८ साली रॉयल सोसायटीचा सदस्य होतो आणि १९२० साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कुंभकोणमकडच्या आपल्या माणसांत परत येऊन जगाचा निरोप घेतो, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. चित्रपटाचे मोठेपण असे, की त्याने हार्डी आणि रामानुजन यांच्यातला खरा वाद मध्यभागी ठेवला आहे. रामानुजन यांना उत्तर दिसते. हार्डी सिद्धता मागतात. मूळ संख्यांविषयीचा रामानुजन यांचा एक दावा चुकीचा निघतो, तो प्रसंगही लपवलेला नाही. ज्याला सगळे देवाचा वरदहस्त लाभलेला मानतात त्याचेही चुकते आणि त्यालाही पायऱ्या लिहून दाखवाव्या लागतात, हे पाहताना परीक्षेत "पायऱ्या का लिहायच्या?" म्हणून हुज्जत घालणाऱ्या मुलांचे चेहरे मी मुद्दाम पाहत होते. केन ओनो आणि मंजुल भार्गव या दोन गणितज्ञांचा या चित्रपटाच्या निर्मितीत सहभाग होता, आणि त्यामुळे कागदावर दिसणारे गणित खरे गणित आहे.

या चित्रपटात संख्यांच्या विभाजनाचा प्रश्न येतो, आणि तिथे आम्ही सर्वांत लांब थांबलो. चार ही संख्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते? नुसते चार, तीन आणि एक, दोन आणि दोन, दोन, एक आणि एक, चार वेळा एक. असे पाच प्रकार. मी काजूच्या सुक्या बियांची पिशवी नेली होती. प्रत्येक गटाला पाच बिया दिल्या आणि सांगितले, की जमिनीवर ढीग मांडा, एकही मांडणी दोनदा नको आणि एकही सुटायला नको. सात प्रकार झाले. मग दहा बिया दिल्या. एका गटाचे उत्तर अडतीस आले, दुसऱ्याचे चव्वेचाळीस, तिसऱ्याचे चाळीस. बरोबर उत्तर बेचाळीस आहे. कोणाच्या मांडण्या सुटल्या, कोणाच्या दोनदा आल्या, याचा शोध घेण्यात पाऊण तास गेला आणि त्या दिवशी चित्रपट अर्धाच राहिला. शंभर या संख्येची विभाजने १९,०५,६९,२९२ होतात आणि दोनशेची ३९,७२,९९,९०,२९,३८८, असे फळ्यावर लिहिले तेव्हा खोली शांत झाली. दोनशेपर्यंतचे आकडे मॅकमेहन नावाच्या गणितज्ञाने हाताने काढले होते, आणि रामानुजन व हार्डी यांनी इतके मोजत न बसता उत्तराच्या अगदी जवळ नेणारे सूत्र शोधले. पुढच्या शनिवारी उरलेला चित्रपट लावला, तेव्हा मॅकमेहन यांच्या हातातला कागद पाहून मुले आपणहून ओरडली. त्या कागदामागचे कष्ट त्यांच्या बोटांना ठाऊक झाले होते.

या चित्रपटात उणिवाही आहेत. लग्नाच्या वेळी जानकी दहा वर्षांच्या होत्या, पडद्यावर त्या तरुण स्त्री आहेत. रामानुजन अंगाने भरलेले होते, देव पटेल सडपातळ आहेत. मला खटकले ते वेगळेच. कागद परवडत नसल्याने रामानुजन पाटीवर गणित करत आणि कोपराने पुसत, उत्तर तेवढे वहीत उतरवत. त्यांच्या वह्यांत पायऱ्या का सापडत नाहीत याचे एक मोठे कारण त्या पाटीत आहे. या गोष्टीला चित्रपटाने आणखी वेळ द्यायला हवा होता. पहिलीत पाटी वापरलेल्या आमच्या मुलांना ती एका क्षणात कळली असती. मी ती तोंडी सांगितली आणि एका पाटीवर करूनही दाखवली.

याच्या अगदी उलट अनुभव 'अ ब्यूटिफुल माइंड' या २००१ सालच्या चित्रपटाचा. गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरील या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, रसेल क्रो यांचे काम अप्रतिम आहे, आणि मनाच्या आजाराने माणूस कसा एकाकी होतो हे इतक्या जवळून दाखवणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही. मोठ्यांनी तो जरूर पाहावा. गणितासाठी मात्र तो दिशाभूल करणारा आहे, आणि तीही नेमक्या मोक्याच्या जागी.

चित्रपटात नॅश मित्रांसह एका पानगृहात बसलेले असतात. एक देखणी तरुणी मैत्रिणींसह आत येते. नॅश यांना एकदम सुचते, की सगळे तिच्याच मागे लागले तर कोणालाच काही मिळणार नाही, म्हणून तिला सर्वांनी सोडून द्यावे आणि तिच्या मैत्रिणींशी बोलावे. यातूनच त्यांचा सिद्धांत जन्मला असे दाखवले आहे. नॅश यांचा समतोल तर अगदी निराळे सांगतो. बाकीचे जसे वागत आहेत तसेच वागत राहिले, तर एकट्याने आपले वागणे बदलून कोणाचाच फायदा होत नाही, अशी स्थिती म्हणजे समतोल. चित्रपटातल्या मांडणीत चौघांनी त्या तरुणीला सोडून दिले, की कोणीही एकट्याने मन बदलले तरी त्याचा फायदाच होतो. म्हणजे पडद्यावर जो समतोल म्हणून दाखवला आहे तो समतोल नाहीच.

तो प्रसंग मुलांना दाखवायचा नव्हता, म्हणून मी त्याऐवजी वडापचे, म्हणजे माणसे भरून भाड्याने धावणाऱ्या जीपचे, उदाहरण घेतले. स्टँडवर दोन वडापवाले आहेत. दोघांनी ठरवले, की वीस रुपयांच्या खाली भाडे न्यायचे नाही. हा समतोल आहे का? नववीतल्या एका मुलीने तत्काळ सांगितले, "नाही की बाई, एकटा फुटला तर फायदा त्याचाच." दुसरा पंधरा करील तेव्हा पहिलाही पंधरा करील, आणि तिथून आणखी खाली जाण्यात डिझेलही सुटत नाही, म्हणून कोणी हलणार नाही, तिथे समतोल, इथपर्यंत ती मुले स्वतः पोहोचली. अवघ्या २८ पानांच्या प्रबंधात नॅश यांनी १९५० साली हे मांडले आणि १९९४ साली त्यासाठी अर्थशास्त्राचे नोबेल दोघांसोबत विभागून मिळाले. वडापच्या उदाहरणाला जेवढी मिनिटे लागली तेवढीच चित्रपटाने दिली असती तरी पुरली असती.

बाकी तपशिलांतही बरेच बदल आहेत. नॅश यांना आवाज ऐकू येत. चित्रपटात त्यांना माणसे दिसतात. प्राध्यापकांनी एकेक करून समोर लेखणी ठेवण्याचा हृद्य प्रसंग पूर्णपणे कल्पित आहे. उत्तरायुष्यात आपण औषधे घेत नव्हतो असे नॅश यांनी म्हटले आहे, आणि चित्रपटात ते नव्या औषधांचा उल्लेख करतात. या शेवटच्या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या भागात अजूनही अशा आजारात आधी बाहेरचे पाहतात आणि मग डॉक्टरकडे नेतात. औषधाशिवाय बरे होता येते असा समज पडद्यावरून पसरला नाही हे बरेच झाले.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांच्यावरील 'द इमिटेशन गेम' आम्ही फक्त मोठ्यांसाठी लावला. त्यांच्यावर १९५२ साली समलैंगिकतेवरून चाललेला खटला आणि १९५४ सालचा मृत्यू यांविषयी मुलांशी बोलण्याची माझी तयारी अजून झालेली नाही. ती मी करणार आहे. चित्रपट वेगवान आहे आणि वाचनालयातल्या मंडळींना अतिशय आवडला. पण त्यात चार-पाच माणसे आणि एक यंत्र मिळून जर्मनांचे एनिग्मा, म्हणजे गुप्त संदेश बनवणारे यंत्र, फोडतात. वस्तुतः पोलंडच्या रेजेव्स्की यांनी १९३२ सालीच एनिग्माच्या सैनिकी रूपात शिरकाव केला होता, पोलिश गणितज्ञांनी आपले सारे काम युद्धाच्या तोंडावर ब्रिटिशांच्या हाती दिले, ट्यूरिंग यांच्या यंत्रात गॉर्डन वेल्चमन यांची मोलाची भर होती, अशी दोनशेहून अधिक यंत्रे युद्ध संपेपर्यंत तयार झाली, आणि ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडण्याच्या केंद्रात काम करणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. एकटा हुशार माणूस आणि त्याला न समजणारे जग, हा साचा चित्रपटाला सोयीचा पडतो. पण त्यापायी बाकीच्या हजारोंची मेहनत पुसली जाते याचे मला वाईट वाटते.

हॉकिंग यांच्यावरील 'द थिअरी ऑफ एव्हरीथिंग' पुन्हा लावला तो त्यांचे काम मुलांना कळावे म्हणून, आणि या खेपेस तयारीने. हा चित्रपट जेन हॉकिंग यांच्या आठवणींवर आधारलेला असल्याने तो संसाराचा चित्रपट आहे, आणि तसा पाहिला तर उत्कृष्ट आहे. एडी रेडमेन यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले ते योग्यच. स्वेटर डोक्यातून अर्धवट घातलेला असताना त्याच्या विणीतून शेकोटीचा उजेड दिसतो आणि कल्पना सुचते, असा एक प्रसंग त्यात आहे. कृष्णविवराच्या पृष्ठभागाविषयीची आपली एक महत्त्वाची कल्पना रात्री बिछान्यात शिरताना सुचली, असे हॉकिंग यांनी लिहिले आहे. आजारामुळे त्यांना त्या एवढ्याशा कामाला बराच वेळ लागे, म्हणून विचाराला सवड मिळाली. हे मी सांगितल्यावर मुलांना शेकोटीपेक्षा बिछाना अधिक पटला.

मुलांना याहून भावला तो चित्रपटात नसलेला एक प्रसंग. १९६४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रेड हॉयल यांनी आपला आणि आपल्या विद्यार्थ्याचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा बावीस वर्षांचे हॉकिंग काठीचा आधार घेऊन उठले आणि त्यातली एक गणिती राशी अनंत होते असे भर सभेत म्हणाले. हे त्यांना ठाऊक होते, कारण त्या विद्यार्थ्याची आकडेमोड त्यांनी केंब्रिजमध्ये आधीच पाहिली होती. तो विद्यार्थी म्हणजे जयंत नारळीकर, जन्म १९३८, कोल्हापूर. कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचे दर्शन आणि लग्नाचा बस्ता एवढेच माहीत असलेल्या आमच्या मुलांनी ते नाव दोनदा विचारून घेतले.

अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरील 'ओपेनहायमर' मी बेळगावला जाऊन पाहिला. तीन तासांचा तो चित्रपट मोठ्यांसाठी आहे आणि चौकशीच्या राजकारणात रस असणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. मुलांच्या यादीत मी तो घेतला नाही. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावरील हिंदी मालिका 'रॉकेट बॉइज' सुट्टीत घरी पाहायला चांगली आहे, फक्त त्यातला मेहदी रझा हे कल्पित पात्र आहे हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे मुले ते नाव उत्तरपत्रिकेत लिहिणार नाहीत.

'आनंदी गोपाळ' हा २०१९ सालचा मराठी चित्रपट लावला, त्या दिवशी प्रथमच मला कुठे थांबावे लागले नाही. अक्षरे वाचण्यात न अडकता मुले चेहरे पाहत होती, आणि भाषेचा अडथळा दूर झाला की चित्रपट किती आत जातो हे मला त्या रात्री दिसले. एरवी दाराशी बसणाऱ्या बायका आत येऊन बसल्या. भाग्यश्री मिलिंद आणि ललित प्रभाकर यांनी आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांचे ते विचित्र, हट्टी, तरीही जिवाला जीव देणारे नाते फार प्रामाणिकपणे उभे केले आहे. नऊ वर्षांची असताना लग्न झालेली मुलगी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होते, आणि पुढच्याच वर्षी, बावीस पूर्ण होण्याआधी, पुण्यात क्षयाने जाते. माझी तक्रार इथेही तीच आहे: घरातला आणि गावातला संघर्ष पुष्कळ, अमेरिकेतला अभ्यास थोडा. शरीरशास्त्राचा वर्ग, रात्रीची जागरणे, प्रसूतिशास्त्रावर लिहिलेला प्रबंध यांना आणखी अर्धा तास मिळाला असता तर मी आनंदाने बसले असते. त्यांना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी देण्यात आली होती, हे मी शेवटी सांगितले. त्या जगत्या, तर आमच्या पणज्यांपैकी एखादी बैलगाडीने त्यांच्याकडे गेली असती, असे एक आजी म्हणाल्या, आणि बराच वेळ कोणी उठले नाही.

शेवटी 'हिडन फिगर्स'विषयी. २०१६ सालचा हा चित्रपट अमेरिकेच्या लँग्ली येथील अंतराळ केंद्रात हिशेब करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांचा आहे: कॅथरिन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन. त्या काळी तिथे 'कॉम्प्युटर' हे यंत्राचे नाव नव्हते, ते हुद्द्याचे नाव होते. आपल्या 'संगणक' या शब्दाचाही सरळ अर्थ गणना करणारा असाच होतो, हे सांगितल्यावर मुलींना फार गंमत वाटली. मुलांसाठी एकच चित्रपट निवडायचा असेल तर मी रामानुजन यांच्यानंतर हाच निवडीन. यात काम दिसते. फळा दिसतो, खोडलेले आकडे दिसतात, ऑयलर या गणितज्ञाची जुनी पद्धत पुन्हा उपयोगी पडते, आणि नवे यंत्र येणार म्हणून आपली नोकरी जाईल हे ओळखून एक बाई वाचनालयातले पुस्तक घेऊन यंत्राची भाषा स्वतः शिकते आणि बाकीच्यांना शिकवते.

तरीही एका जागी या चित्रपटाने माझी निराशा केली. अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्यापूर्वी म्हणतात, की यंत्राने काढलेले आकडे त्या मुलीकडून तपासून घ्या, तिने बरोबर म्हटले तर मी तयार आहे. ही घटना खरी आहे; उड्डाण २० फेब्रुवारी १९६२ रोजी झाले. चित्रपटात ग्लेन तयार होऊन उभे असताना निरोप येतो, कॅथरिन भराभर आकडे करतात आणि कागद घेऊन धावत सुटतात. प्रत्यक्षात ती तपासणी उड्डाणाच्या कितीतरी दिवस आधी झाली, आणि टेबलावरच्या गणनयंत्राशी बसून तिला दीड दिवस लागला. तो दीड दिवस मला पाहायचा होता. एका माणसाचा जीव आपल्या दशांशचिन्हावर अवलंबून आहे हे माहीत असताना ओळीमागून ओळ तपासत जाणे, थकणे, पाणी पिऊन पुन्हा बसणे, हेच तर त्या बाईंचे मोठेपण होते. धावण्याने ते लहान झाले. वरिष्ठाने स्वच्छतागृहाची पाटी फोडण्याचा प्रसंगही घडलेला नाही. तो वरिष्ठच कल्पित आहे. कॅथरिन जॉन्सन तर सुरुवातीपासून पाटी नसलेले स्वच्छतागृह सरळ वापरत होत्या, आणि ही खरी हकीकत मला त्या तोडफोडीपेक्षा अधिक तेजस्वी वाटते.

कॅथरिन जॉन्सन लहानपणी सगळे काही मोजत असत, रस्त्यापर्यंतची पावले, चर्चच्या पायऱ्या, धुतलेली ताटे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. चित्रपट सुटल्यावर हे मी सहज बोलून गेले. दोन दिवसांनी आठवीतली एक मुलगी पावसात छत्री घेऊन माझ्या दारात उभी राहिली. तिने घरापासून वाचनालयापर्यंतची पावले मोजली होती: जाताना १,४१२ आणि येताना १,३८७. "बाई, खरे कुठले?" असे तिने विचारले. मी तिला आणखी आठ वेळा मोजायला आणि वहीत तारखेसह लिहायला सांगितले. तिच्याबरोबर आता आणखी तिघी मोजू लागल्या आहेत. येत्या शनिवारी चाळीस आकडे हाती येतील, आणि त्यांची सरासरी फळ्यावर काढून झाल्याशिवाय प्रोजेक्टर लावायचा नाही असे मुलींनीच ठरवले आहे.